बंगाली लेखिकेची ओळख करून देताना: महाश्वेता देवींचे घराणे आणि आयुष्य कसे मांडावे

ठाणे आणि नवी मुंबईतील ग्रंथालये, वाचक मंडळे आणि महिला मंडळे यांच्या वार्षिक कार्यक्रमांत एखादा तास तरी अन्य भारतीय भाषेतील लेखकासाठी राखलेला असतो, आणि पुष्कळदा तो बंगाली लेखकाच्या वाट्याला येतो. ज्या सभासदावर ही जबाबदारी सोपवली जाते त्याच्यापुढे लगेच प्रश्न उभा राहतो, की लेखकाचे आयुष्य आणि त्याची घरची पार्श्वभूमी एका तासात कशी सांगावी. सहसा जन्मतारीख, आईवडिलांची नावे, शिक्षण, पुस्तके आणि पुरस्कार या क्रमाने माहिती वाचून दाखवली जाते. श्रोते ती शांतपणे ऐकून घेतात, परंतु घरी गेल्यावर त्यातले काहीही सांगू शकत नाहीत. घराण्याची माहिती सांगायचीच असेल, तर प्रत्येक नातलगाच्या नावापुढे हा माणूस लेखकाच्या लेखनात नेमका कोठे दिसतो, हा प्रश्न लिहून त्याचे उत्तर शोधावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या नावापुढे उत्तर सापडत नाही, ते नाव कितीही मोठे असले तरी व्याख्यानातून वगळावे.

उदाहरणासाठी मी मुद्दाम महाश्वेता देवी निवडल्या आहेत. त्यांच्या माहेरच्या दोन्ही बाजूंना, सासरी आणि पुढच्या पिढीतही इतकी नामवंत माणसे आहेत, की सावध न राहिल्यास व्याख्यान लेखिकेचे न राहता तिच्या नातेवाइकांचे होते. हे उदाहरण नीट जमले, तर दुसऱ्या कोणत्याही बंगाली लेखकाची तयारी त्यामानाने सोपी वाटेल.

पहिले काम कागदावर वंशावळ मांडण्याचे आहे. एका पानावर वडिलांकडचे आणि दुसऱ्या पानावर आईकडचे नातेवाईक लिहावेत आणि ही दोन पाने शेवटपर्यंत एकमेकांत मिसळू देऊ नयेत. महाश्वेतांचा जन्म १४ जानेवारी १९२६ रोजी ढाक्याला झाला. वडील मनीश घटक हे कवी, कथाकार आणि कादंबरीकार होते. ‘युवनाश्व’ या टोपणनावाने त्यांनी कथा लिहिल्या, आणि रवींद्रनाथांच्या छायेबाहेर पडू पाहणाऱ्या ‘कल्लोल’ या नियतकालिकाभोवती जमलेल्या तरुण लेखकांत त्यांची गणना होते. शहरातील भिकारी, भटके आणि गुन्हेगार ठरवली गेलेली माणसे त्यांच्या कथांत येतात, ही गोष्ट अधोरेखित करून ठेवावी, कारण लेकीच्या लेखनातही पुढे अशीच माणसे येणार आहेत. घटक कुटुंबाचे मूळ गाव पाबना जिल्ह्यातले. आजोबा सुरेशचंद्र घटक जिल्हा दंडाधिकारी होते. मनीश हे भावंडांत थोरले, तर चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक हे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे महाश्वेतांचे काका.

येथे वयांचा हिशेब मांडावा. ऋत्विक घटकांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ चा आहे. याचा अर्थ काका पुतणीपेक्षा अवघ्या दोन महिने दहा दिवसांनी मोठे होते. ही एक तारीख फळ्यावर लिहिली की श्रोत्यांच्या मनातले चित्र बदलते. काका म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा वडीलधारा माणूस बाजूला होतो आणि एकाच घरात वाढलेली, एकाच दुष्काळाने आणि एकाच फाळणीने होरपळलेली दोन समवयस्क मुले दिसू लागतात. पुढे एकाने फाळणीची वेदना पडद्यावर आणली आणि दुसरीने सत्तेने चिरडलेल्या माणसांची गोष्ट कागदावर उतरवली. वंशावळीत केवळ नावे लिहिली आणि जन्मवर्षे लिहिली नाहीत, तर असे काही हाती लागत नाही. ऋत्विक घटकांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ शिकवले आणि बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ या १९५८ च्या चित्रपटाची कथा लिहिली, हे ठाण्यातील श्रोत्यांना जवळचे वाटेल. परंतु त्यावर दोन वाक्यांपेक्षा जास्त वेळ घालवू नये.

आईकडचे पान तितक्याच काळजीने भरावे. चरित्रपर लेखांत मातृकुळ एका ओळीत आटोपण्याची सवय फार जुनी आहे आणि ती मोडणे आपल्या हाती आहे. आई धरित्री देवी स्वतः लेखन आणि समाजकार्य करणाऱ्या होत्या. त्यांचे भाऊ शंख चौधुरी हे शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांच्याकडे शिकलेले शिल्पकार असून पुढे त्यांनी बडोद्याच्या विद्यापीठात शिल्पकला शिकवली. दुसरे भाऊ सचिन चौधुरी यांनी १९४९ मध्ये मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ हे साप्ताहिक सुरू केले आणि १९६६ मध्ये त्याचेच ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ झाले. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांना आजही आधारभूत वाटणारे हे नियतकालिक मुंबईतूनच निघते. म्हणजे महाश्वेतांच्या एका मामांची कर्मभूमी आपल्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर होती. या मामांच्या घराचा लेखिकेच्या पहिल्या पुस्तकाशी संबंध जोडला जातो. त्याकडे पुढे येऊच.

महाश्वेता या नऊ भावंडांत थोरल्या होत्या. पाठच्या भावंडांना सांभाळणारी थोरली बहीण ही भूमिका आपल्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही, म्हणून ही माहिती लहान वाटली तरी वगळू नये. १९३६ ते १९३८ या काळात, म्हणजे वयाच्या दहा ते बारा वर्षांत, त्या शांतिनिकेतनात शिकल्या. रवींद्रनाथ तेव्हा हयात होते आणि मुलांचे वर्गही घेत असत. नंतर कोलकात्यात शाळा आणि आशुतोष कॉलेज, पुन्हा शांतिनिकेतनात येऊन १९४६ मध्ये इंग्रजीची पदवी, आणि एम.ए. मात्र बऱ्याच वर्षांनी, १९६३ मध्ये. या दोन पदव्यांमधील सतरा वर्षांत काय घडले, हा प्रश्न तयारी करणाऱ्याने स्वतःला विचारावा. चरित्रातल्या अशा मोकळ्या जागांतच लेखक घडत असतो, असे मला वाटते.

त्या सतरा वर्षांकडे वळण्यापूर्वी स्थळे आणि तारखा यांविषयी थोडी व्यावहारिक सूचना. बंगाली लेखकाचे जन्मस्थान लिहिताना त्या वर्षी ते ठिकाण कोणत्या राज्यात किंवा देशात होते, हे तपासावे. महाश्वेता ढाक्याला जन्मल्या म्हणून त्यांचा जन्म बांगलादेशात झाला असे लिहू नये. १९२६ मध्ये ढाका ब्रिटिश अमलाखालील अखंड बंगालमध्ये होते, १९४७ मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि बांगलादेश १९७१ मध्ये अस्तित्वात आला. पलामू हा त्यांच्या लेखनातला महत्त्वाचा जिल्हाही त्यांच्या बहुतेक हयातीत बिहारमध्ये होता आणि नोव्हेंबर २००० पासून झारखंडमध्ये आहे. ढाका, पाबना, शांतिनिकेतन, कोलकाता, मनीश घटक जेथे पुढे स्थायिक झाले ते मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बहरमपूर, पलामू आणि पुरुलिया एवढी ठिकाणे दाखवणारा हाताने काढलेला साधा नकाशा भिंतीवर लावला, तर बोलण्याचे पुष्कळ कष्ट वाचतात.

बंगाली पुस्तकांवर अनेकदा बंगाब्द छापलेला असतो. शके वर्षात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे अवघड नाही. बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होते. तेथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी बंगाब्दात ५९३ मिळवावेत आणि जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ५९४. महाश्वेतांचा जन्म बंगाब्द १३३२ मधला, पण महिना जानेवारी असल्यामुळे त्यात ५९४ मिळवले की १९२६ येते. शिवाय आपल्याकडे दिवाळी अंकात जशी कादंबरी आधी येते, तशी बंगालमध्ये ती पूजेच्या विशेषांकात येते आणि पुस्तक नंतर निघते. त्यामुळे दोन ठिकाणी एका वर्षाचा फरक आढळला, तर लगेच एखादा आकडा चुकीचा ठरवू नये.

नावांचा प्रश्न एका निर्णयाने सुटतो. ‘देवी’ हे आडनाव नव्हे, म्हणून ग्रंथालयाच्या यादीत शोधताना ‘महाश्वेता’ आणि ‘देवी’ या दोन्ही ठिकाणी पाहावे. महाश्वेतांचे पती, मुलगा आणि पतीचे गाजलेले नाटक यांची नावे उच्चारानुसार बिजोन, नबारुण, नबान्न अशी लिहावीत की मूळ संस्कृत रूपानुसार विजन, नवारुण, नवान्न अशी लिहावीत, हे एकदा ठरवून सर्वत्र तेच पाळावे. मी दुसरी पद्धत पसंत करते, कारण मराठी वाचकाला त्या शब्दांचा अर्थ आपसूक लागतो.

आता त्या सतरा वर्षांकडे. १९४३ च्या दुष्काळात महाविद्यालयीन विद्यार्थिनी असलेल्या महाश्वेता मदतकार्यात होत्या. त्याच दुष्काळावर विजन भट्टाचार्य यांनी ‘नवान्न’ हे नाटक लिहिले आणि भारतीय जननाट्य संघाने, म्हणजे आपल्याकडे ‘इप्टा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, ते १९४४ मध्ये रंगभूमीवर आणले. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख याच चळवळीच्या मराठी शाखेत उभे राहिले, एवढे सांगितले की मराठी श्रोत्याला त्या काळाचे वातावरण वेगळे समजावावे लागत नाही. १९४७ मध्ये महाश्वेता आणि विजन यांचा विवाह झाला आणि २३ जून १९४८ रोजी मुलगा नवारुण याचा जन्म झाला. कम्युनिस्ट चळवळीशी बांधलेल्या या घरात पैशाची कायम ओढ होती. महाश्वेतांची सरकारी कार्यालयातली नोकरी राजकीय संशयावरून गेली. त्यांनी शिकवण्या केल्या, किरकोळ विक्रीची कामे केली आणि मासिकांतून टोपणनावाने लिहून घरखर्चाला हातभार लावला. लेखन हा त्यांच्यासाठी प्रथमपासून चरितार्थाचा भाग होता, आणि हे स्पष्ट सांगण्यात कोणताही कमीपणा नाही. उलट, एवढ्या सुसंस्कृत घराण्यातली मुलगी म्हणून तिला सगळे आयते मिळाले असेल, हा श्रोत्यांचा समज येथेच दूर होतो.

त्यांचे पहिले पुस्तक १९५६ मध्ये आले ते झाशीच्या राणीचे चरित्र होते, आणि मराठी सभागृहात व्याख्यानाचा सर्वांत मोठा भाग मी या प्रसंगाला देईन. बंगाली चरित्रपर लेखनात असे सांगितले जाते, की विजन भट्टाचार्य हिंदी चित्रपटाच्या कामासाठी मुंबईला आले असता महाश्वेताही सोबत होत्या, आणि सचिनमामांच्या घरी त्यांच्या हाती सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ पडला. राणीवर लिहायचे ठरवल्यावर त्यांनी उधार-उसनवारीने पैसे उभे केले, जेमतेम सहा-सात वर्षांच्या मुलाला घरी ठेवून झाशी, ग्वाल्हेर आणि बुंदेलखंडात फिरल्या, आणि कागदपत्रांबरोबरच खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या तोंडची गाणी आणि आठवणी गोळा केल्या. मोरोपंत तांबे यांची मनकर्णिका हा आपल्याकडे शाळेपासून ओळखीचा विषय. एका बंगाली स्त्रीने त्यासाठी राणीच्या माहेरच्या तांबे कुटुंबातील वंशजांपर्यंत संपर्क साधावा, ही गोष्ट ऐकताना मराठी माणसाला आपलेपणा वाटल्याशिवाय राहत नाही. परंतु हा आपलेपणा एवढ्यावर थांबवू नये. ग्रंथ आणि लोकस्मृती यांना सारखेच पुरावे मानण्याची सवय त्यांना या प्रवासात लागली आणि ती त्यांच्या पुढच्या सगळ्या पुस्तकांत टिकली, हा मुद्दा श्रोत्यांपर्यंत पोचला पाहिजे.

याच प्रसंगावरून पुराव्यांची प्रतवारीही शिकून घ्यावी. लेखिकेने स्वतः प्रस्तावनेत किंवा मुलाखतीत सांगितलेले, कुटुंबीयांनी आठवणींत लिहिलेले, आणि नंतरच्या लेखकांनी एकमेकांचे पाहून लिहिलेले, अशा तीन रंगांच्या शाई टिपणवहीत वापराव्यात. तिसऱ्या रंगातली गोष्ट सांगायची असेल तर ‘असे सांगितले जाते’ हे शब्द व्यासपीठावरूनही उच्चारावेत. मुंबईच्या घरातील ग्रंथवाचनाचा प्रसंग कितीही आकर्षक वाटला, तरी मी तो याच शब्दांनी सांगते.

विवाह आणि त्याचा शेवट यांविषयी थोडक्यात आणि आदराने बोलावे. साठच्या दशकाच्या आरंभी हे दांपत्य विभक्त झाले आणि नवारुण वडिलांजवळ राहिला. महाश्वेतांनी १९६५ मध्ये पुन्हा विवाह केला आणि तोही पुढे संपला. १९६४ पासून त्या कोलकात्याच्या विजयगड भागातील महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागल्या. विस्थापित कुटुंबांतील आणि कष्टकरी घरांतील मुली तेथे शिकत असत. एवढी माहिती पुरेशी आहे. कोण चुकले याची चर्चा सभेत सुरू झाल्यास ती नम्रपणे थांबवण्याचा अधिकार वक्त्याला आहे, आणि तो त्याने वापरावा.

येथेच सर्वांत मोठा धोका उभा राहतो. १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ‘हाजार चुराशीर मा’ ही कादंबरी नक्षलवादी तरुणाच्या आईची कथा आहे. पोलिसांच्या लेखी १०८४ क्रमांकाचे प्रेत झालेल्या मुलाचा शोध ती आई त्याच्या मृत्यूनंतर घेत राहते. गोविंद निहलानी यांच्या १९९८ च्या हिंदी चित्रपटामुळे ही कथा अनेकांच्या परिचयाची आहे, आणि लेखिकेने स्वतःचेच दुःख लिहिले असा तर्क श्रोत्यांतून हमखास येतो. त्याला वंशावळीतील तारखांनी उत्तर द्यावे. कादंबरी आली तेव्हा नवारुण पंचविशीतला तरुण होता. तो स्वतः कवी आणि कादंबरीकार झाला, ‘हारबर्ट’ या कादंबरीसाठी त्याला १९९७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला आणि ३१ जुलै २०१४ रोजी, म्हणजे आईच्या दोन वर्षे आधी, त्याचे निधन झाले. आई-मुलाच्या दुराव्याची छाया कादंबरीवर असेल असे फार तर म्हणता येईल, मात्र कादंबरीतील घर म्हणजे लेखिकेचे घर असे म्हणता येणार नाही. कोणत्याही लेखकाचे चरित्र सांगताना कथेतून आयुष्य वाचण्याऐवजी आयुष्यातून कथा वाचावी.

घराण्याने जे दिले ते येथवर झाले. आता जे कोणत्याही घराने दिले नाही त्याला व्याख्यानाचा उरलेला वेळ द्यावा. साठच्या दशकापासून त्या पलामूला जाऊ लागल्या आणि तेथील वेठबिगारी त्यांनी जवळून पाहिली. बिरसा मुंडा यांच्यावरील ‘अरण्येर अधिकार’ ही कादंबरी १९७७ मध्ये आली आणि १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार तिला मिळाला. वडिलांच्या निधनानंतर, १९८० मध्ये, त्यांनी चालवलेले ‘वर्तिका’ हे नियतकालिक महाश्वेतांनी हाती घेतले आणि त्यात शेतमजूर, आदिवासी, कारखान्यातले कामगार आणि रिक्षावाले यांना स्वतःच्या जगण्याविषयी लिहायला लावले. वडिलांचा वारसा चालवणे आणि तो पूर्णपणे बदलणे या दोन्ही गोष्टी या एका कृतीत झाल्या आहेत. वंशावळीच्या पानावर मनीश घटकांच्या नावापुढे लिहिलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर येथे मिळते, म्हणून हा भाग घाईने संपवू नये.

ठाण्यातील श्रोत्यांना यातले काहीच दूरचे नाही. पालघर २०१४ मध्ये वेगळा होईपर्यंत डहाणू आणि तलासरी हे ठाणे जिल्ह्याचेच तालुके होते. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी १९४५ मध्ये वेठीविरुद्ध उठाव केला तो याच भागात, आणि ऐंशीच्या दशकात श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढा दिला तोही याच जिल्ह्यात. सभागृहात शहापूर, जव्हार किंवा मोखाड्याकडून आलेले कोणी असेल, तर त्यांना बोलायला सांगावे. पलामू समजावून सांगण्याचा यापेक्षा चांगला मार्ग नाही.

दुसरा थेट दुवा १९९८ चा आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील, अशाच शिक्का बसलेल्या शबर जमातीच्या बुधन शबर या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. खेडिया शबरांच्या संघटनेमार्फत महाश्वेतांनी हे प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात नेले. त्याच वर्षी ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड आणि गणेश देवी यांच्यासह त्यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवरचा गट स्थापन केला. ‘उचल्या’ वाचलेल्या माणसाला शबर कोण, हे पुन्हा सांगावे लागत नाही. १९९६ चे ज्ञानपीठ, १९९७ चे मॅगसेसे आणि २००६ चे पद्मविभूषण यांचा उल्लेख येथे एका वाक्यात उरकावा. निधनाची तारीख २८ जुलै २०१६, ठिकाण कोलकाता.

साहित्य कोठे मिळेल, याची सुरुवात घराजवळून करावी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे आणि अनुवादित पुस्तकांसाठी तेथील सेवकांना लेखिकेचे नाव व मूळ पुस्तकाचे नाव अशा दोन्ही गोष्टी लिहून द्याव्यात, कारण अनुवादाचे नाव बरेचदा वेगळे असते. दादरला साहित्य अकादेमीचे कार्यालय आहे. वाशी, नेरूळ आणि खारघर येथे बंगाली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि शरद ऋतूत त्यांच्या दुर्गापूजा होतात. तेथे पुस्तकांचा विषय काढल्यास आनंदाने बोलणारी ज्येष्ठ मंडळी भेटतात. एखाद्या काकू किंवा आजोबांकडून मूळ बंगालीतला अर्धा पानभर मजकूर वाचून घ्यावा आणि त्यांच्या परवानगीने तो ध्वनिमुद्रित करून कार्यक्रमात ऐकवावा. आपण स्वतः अडखळत वाचण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

तासाची वाटणी करायची तर दोन्ही कुळांना मिळून पंधरा मिनिटे, झाशीच्या पुस्तकाला पंधरा, पलामू ते पुरुलिया या प्रवासाला वीस आणि प्रश्नांना दहा मिनिटे ठेवावीत. वंशावळीच्या दोन पानांची एक प्रत श्रोत्यांच्या हाती आधीच द्यावी, म्हणजे नावे सांगण्यात वेळ जाणार नाही. कार्यक्रमानंतर तीच पाने, नकाशा आणि तीन रंगांतील टिपणे ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात तारीख घालून ठेवून द्यावीत, जेणेकरून पुढच्या वर्षी ज्याच्यावर आशापूर्णा देवी किंवा विभूतिभूषण यांची जबाबदारी येईल, त्याला कामाची सुरुवात कोठून करायची हे विचारत फिरावे लागणार नाही.